गिटार अजून घरीच आहे

१२ जानेवारी

दादा,

बाबांनी तुझा निरोप जेवताना वाचून दाखवला. "माझी गिटार या पत्त्यावर पाठवा. खर्च मी देईन." एवढंच. बाबांनी फोन जरा वर सरकवला, खाली सरकवला, आणखी काही असेल म्हणून. आई वाढत होती, ती वाढत राहिली.

तुझा नंबर बाबांकडेच आहे आणि तो कुणाला द्यायचा नाही अशी तुझी अट आहे, म्हणून मी कधी मागितला नाही. पण पत्ता सगळ्यांसमोर वाचला गेला. त्यावर पत्र पाठवू नये असं तू म्हटलेलं नाहीस. मी हे बरंच तपासून पाहिलं, तरी माझी खात्री होत नाहीये. तुला आवडत नसेल तर पत्र न उघडताच टाकून दे. मग हे वाक्य तुझ्यापर्यंत पोचणार कसं, तेवढं मला सुचलेलं नाही.

गिटार सुखरूप आहे. तू कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवली होतीस तशीच होती. तू गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही. आई कपाट पुसते तेव्हा तिच्या भोवतीने पुसते, त्यामुळे चादरीच्या कडेने धुळीची एक आखीव रेघ उमटली आहे.

पाठवायला थोडा उशीर होतोय, कारण मापाचा खोका मिळत नाही. एक मिळाला तो लांबीला पुरतो, पण खालचा रुंद भाग मावत नाही. सायकलच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, खोका देतो, पण सायकल घ्यावी लागेल.

खोका मिळाला की लगेच पाठवते. तू बरा आहेस ना?

तुझी
तपासनीस
(हे नाव तूच ठेवलं होतंस. अजून कुणी वापरत असेल तर तो योगायोग.)


३० जानेवारी

दादा,

खोका मिळाला आहे. खरं सांगायचं तर मागचं पत्र टाकून आले त्याच दिवशी मिळाला. तो माझ्या पलंगाखाली आहे आणि गिटार त्यात नाही.

झालं असं, की पाठवण्याआधी ती नीट आहे ना हे बघायला हवं होतं. तू उघडलीस आणि दांडा तडकलेला निघाला तर तो इथे तडकला की वाटेत, हे कोण ठरवणार? म्हणून मी चादर सोडली. दांडा ठीक होता. तारा ठीक आहेत का हे बघायला त्या छेडल्या. सगळ्या वाजल्या, पण बरोबर वाजल्या का हे मला कुठे माहीत होतं? मग तार जुळवायची कशी याचा व्हिडिओ बघितला. तो संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला: "अगदी नवशिक्यांसाठी, धडा पहिला." मी बंद करायला हात पुढे केला होता.

शिकवणारे सर कायम लोकरीची टोपी घालतात. उन्हाळ्यातल्या व्हिडिओतही. मी त्यांना मनात टोपीसर म्हणते. ते प्रत्येक धड्याच्या शेवटी म्हणतात, "बोटं दुखली तर शाबासकी समजा." माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं अशी हुळहुळी झाली आहेत, की दवाखान्यात यंत्राचं बटण दाबताना मी पेनाची मागची बाजू वापरते. (मी आता कान तपासायच्या दवाखान्यात असते. काचेच्या खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवायचं आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ज्या कानात ऐकू येईल त्या बाजूचा हात त्याने वर करायचा. मी प्रत्येकाची तपासणी दोनदा करते. आमच्या मॅडम म्हणतात, दुसऱ्या वेळेपर्यंत पेशंटचं वय वाढतं.)

तुझी वस्तू तुला न विचारता वापरली, हे बरोबर नाही. आता विचारते. आणखी थोडे दिवस वापरू का? आई स्वयंपाकघरात असते तेव्हा मी वाजवते, दार लावून. तुझ्याच खोलीत. ती माझी खोली झाली आहे, हे तुला कुणी सांगितलं का ते मला माहीत नाही.

तपासनीस


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर बाबांच्या फोनवर आलं. "तिला हवी असेल तर राहू दे. मला नको आता."

बाबांना वाटलं मी आनंदाने उडी मारीन. "घे, मिटलं की," म्हणाले. मी हो म्हटलं आणि तुझ्या खोलीत जाऊन खोका पलंगाखालून ओढून बाहेर काढला, परत आत ढकलला. संध्याकाळपर्यंत हेच करत होते.

मला ती अशी नको होती रे. तू गेल्यावर या घराकडे तू एकच गोष्ट मागितलीस, आणि मी टाळाटाळ करून तीही सोडायला लावली. आता तुला आमच्याकडून काहीच यायचं उरलं नाही. बाबांना महिन्याकाठी येणारा तुझा "ठीक आहे" हा निरोप उद्या बंद झाला, तर आम्ही विचारायचं तरी कशाच्या निमित्ताने? म्हणून हे पत्र. तुझा निरोप मी मान्य करत नाहीये, एवढंच तात्पुरतं समज.

दरम्यान मी तिसऱ्याच धड्यावर अडकले आहे. आईची पद्धत तुला आठवतच असेल: आधीचं पान बिनचूक झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. माझ्याने अजूनही उघडवत नाही. टोपीसर आरामात म्हणतात, "सत्तर टक्के जमलं की पुढे चला," आणि मला ते ऐकूनच घाम फुटतो. गंमत म्हणजे तारा दाबणारा हात भराभर जातो. एका कॉर्डवरून दुसरीवर बोटं अशी पडतात की मलाच नवल वाटतं. पण तारांवरून फिरणारा दुसरा हात म्हणजे निव्वळ लाकूड. खाली, खाली, वर. एवढंच करायचं. तो दुसऱ्या खालीपाशी अडखळतो, उरलेलं विसरतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. मी त्याला बस थांब्यावर, दवाखान्यात, भांडी घासताना शिकवते. काल बसमध्ये शेजारच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या.

मी काही हाताने मंद नाही. शिवण, अक्षर, सुरी, सगळं मला पहिल्या दिवसापासून जमलं, आई तसं सगळ्यांना सांगायची. मग हा ताल माझ्या अंगात का शिरत नाही? मी घरभर फिरत राहते. बसले की उठावंसं वाटतं. बाबा म्हणाले, "तुझ्या पायाला फडकी बांधली तर निदान लादी तरी पुसली जाईल."

आईने गिटारबद्दल एक शब्द काढलेला नाही. आवाज तिच्यापर्यंत जातोच. मी सुरू केलं की ती नळ मोठा सोडते.

तपासनीस


९ मार्च

दादा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. सरळच सांगते.

टोपीसर दर महिन्याला एकदा पडद्यावर प्रत्यक्ष क्लास घेतात. सगळ्यांनी कॅमेरे लावायचे, एकेकाने वाजवून दाखवायचं. मी नाव नोंदवलं, रद्द केलं, परत नोंदवलं. माझी पाळी आली. मी तो तिसरा धडा वाजवायला घेतला आणि नेहमीसारखी अडखळले. सर हसले नाहीत. पुढे झुकून बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

मी नाही म्हटलं.

"मग गिटार उलटी का धरलीय?"

मी म्हटलं, उलटी कुठे, अगदी तुम्ही धरता तशीच धरली आहे. तुमचा दांडा या बाजूला, माझाही या बाजूला. तेव्हा बाकीचे हसले. सर म्हणाले, "मी तुमच्या समोर आहे ताई, आरसा नाहीये." मग म्हणाले, गिटार कॅमेऱ्याजवळ आणा. बघितली. म्हणाले, "ही तर मुद्दाम उलट्या तारा लावून घेतलेली आहे. जाड तार बघा कुठे आहे. ही कुणा डावखुऱ्याची गिटार आहे. कुणाची?"

मी कॅमेरा बंद केला.

दादा, कुठलाही मुलगा-मुलगी व्हिडिओ बघून शिकताना आधी विचार करील, की समोरच्याचा उजवा तो माझा डावा. ही चूक आपल्याच घरातलं माणूस करणार. आई जेवणाच्या टेबलाशी आपल्या समोर बसायची आणि सगळं उलट करून दाखवायची. बुटाची नाडी, सुई, कात्री, चमचा. "पुस्तकात नको बघू, माझ्या हाताकडे बघ आणि मी करते तस्संच कर." आपल्याला उजवा हात शिकवण्यासाठी ती स्वतः डावा वापरायची. मला वाटायचं जगातले सगळे शिक्षक असंच करतात. टोपीसरांच्या पडद्यावर कोपऱ्यात बोटं कुठे ठेवायची त्याची आकृती येते, ती माझ्या हाताशी कधी जुळली नाही. मी ठरवून टाकलं की आकृती चुकली आहे.

लिहिताना मात्र ती समोर बसायची नाही. तुझ्या खुर्चीमागे उभी राहायची. तू डावा हात मांडीखाली घेऊन बसायचास. मी समोरून रोज बघायचे. मला वाटायचं तुला थंडी वाजते. एकदा मीही तसाच घेतला, तुझ्यासारखा, तर आईने मला पटकन म्हटलं, "तुला नाही, तू नीट बस." मला ते वाक्य इतकी वर्षं आठवत होतं आणि त्याचा अर्थ काही लागत नव्हता.

आणि तू गेलास त्या दिवशी बंद दारामागून आईचा आवाज येत होता, "हात बदल, आधी हात बदल." मी बाबांना विचारलं, दादाने हातात काय घेतलंय? ते म्हणाले, गिटार. मग तुझा आवाज आला. तू काय म्हणालास ते आईने कधी सांगितलं नाही. त्यानंतर जिन्यावर तुझी पावलं.

तू डावखुरा आहेस हे मला माहीत नव्हतं, दादा. एका घरात वाढून माहीत नव्हतं. मी तुला अक्षरावरून चिडवायचे, कोंबडीचे पाय म्हणायचे.

आता रोज तो लाकडी हात घेऊन बसते तेव्हा कळतं. मला हे दोनच महिने झालेत, तेही हौसेने, तेही कुणी मागे उभं नसताना.

तपासनीस


१५ मार्च

दादा,

आईला कळलं. म्हणजे तिने बघितलं. मी दार लावायला विसरले. तुला माहीतच आहे मी दार लावायला कधी विसरत नाही, तेव्हा ते तू हवं तसं समज.

दुपार होती, मला सुट्टी होती. टोपीसरांनी नंतर कळवलं होतं की तारा बदलून घ्या, गिटार उजव्या हाताने वाजवा, चार दिवसांत ताल येईल. मी बदलल्या नाहीत. तशीच वाजवत होते. आई धुतलेल्या चादरी घेऊन आत आली आणि उभीच राहिली. माझ्या हातांकडे बघत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तिने अगदी हळू, सवयीने म्हटलं, "हात बदल."

मी म्हटलं, "नाही."

मी तिला आजवर कधी नकार दिला नव्हता. मी पुढे वाजवलं. खाली, खाली, वर. चुकलं. परत वाजवलं. ती चादरी घट्ट धरून उभी. मग मीच थांबले आणि म्हटलं, "आई, मी उजवी आहे. तरी मला हे इतकं जड जातंय. त्याचं तर सगळंच असं होतं. अक्षर, चमचा, कात्री. सगळंच."

ती पलंगाच्या कडेवर बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. चादरीची घडी परत घालायला लागली. मग जे बोलली ते मी तुला तिच्याच शब्दांत देते. तिला विचारून देते. ती म्हणाली, लिही.

"त्याला पहिल्या वर्षी शाळेत घातला होता. तू नव्हतीस. बाईंनी हाताला रुमाल बांधून परत पाठवला. हात निळा झाला होता. मी त्याला शाळेत परत पाठवलंच नाही. म्हटलं, मी घरी शिकवीन, न मारता शिकवीन. कात्री उजव्यांची, बाकं उजव्यांची, सगळं जगच उजव्यांचं. घरातच सवय लागली तर बाहेर कुणी हात लावणार नाही त्याला. मी कधी मारलं नाही गं."

मी म्हटलं, नाही मारलंस.

"रुमालसुद्धा बांधला नाही."

मग हातातली घडी पूर्ण केली. ती म्हणाली, "बांधायची गरजच नव्हती. तो आपणहून मांडीखाली घ्यायचा."

दादा, मला शाळेत न घालण्याचं कारण शाळा लांब आहे असं सांगितलं होतं. शाळा लांब नव्हती. तुझ्यासाठी टेबल मांडलं होतं, मी त्यावर नंतर येऊन बसले एवढंच.

मी हे तिची बाजू घेऊन लिहीत नाहीये. तिच्या विरुद्धही नाही. आजवर मला प्रत्येक गोष्टीत कुणाचं बरोबर हे ठरवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. हे मात्र ठरत नाहीये, आणि मी घरभर फिरतेय.

तपासनीस


३ एप्रिल

दादा,

गिटार निघाली आहे. तू नको म्हणालास, तरी पाठवतेय. परत पाठवायची असेल तर तुला आमचा पत्ता लिहावा लागेल आणि टपालाच्या रांगेत उभं राहावं लागेल. इतकं तर करशील, नाही तर ठेवून घे.

तारा नव्या आहेत, जुन्या गंजल्या होत्या. दुकानातल्या माणसाने गिटार हातात घेतली, "अहो, कुणीतरी उलट्या लावल्यात," म्हणाला आणि सरळ लावायलाच बसला. मी थांबवलं. म्हणाला, सरळ लावून देतो, त्याचे वेगळे घेणार नाही. मी त्याच्या शेजारी उभी राहून शेवटच्या तारेपर्यंत बघितलं. जाड तार तुझ्याच बाजूला आहे. मी दोनदा तपासली.

मला दवाखान्यातल्या मॅडम त्यांच्या मुलाची पडून असलेली गिटार वापरायला देणार आहेत, सरळ तारांची. पहिल्या धड्यापासून सुरुवात करणार. टोपीसरांना कळवलं तेव्हा त्यांनी अंगठा पाठवला. कुठल्या हाताचा, ते मी बघितलं.

आता आईचं. त्या दिवसापासून दुपारी जेवणं झाली की ती टेबल पुसते, पेन्सिल घेते आणि डाव्या हाताने लिहीत बसते. का, हे तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. अक्षरं काय येत होती म्हणतोस. एक रेघ छपराकडे, एक तळघराकडे. आईचं अक्षर, ज्याच्यावरून आपण गिरवायचो. पहिल्या दिवशी ती थोड्याच वेळात उठली आणि मनगट चोळत गॅलरीत उभी राहिली. बाबा म्हणाले, "पहिलीत घातलंय तुझ्या आईला. डबा देऊ का?" एरवी तिने त्यांना सुनावलं असतं. त्या दिवशी म्हणाली, "खांद्यापासून दुखतं हो. त्याने मला कधी सांगितलं नाही." संध्याकाळी बाबा तिच्या मनगटाला तेल लावून देत होते.

काल मी खोका बांधला. पत्ता चिकटवायचा म्हणून कागद घेतला तर ती म्हणाली, "मी लिहिते." तिने पेन डाव्या हातात घेतलं. मी समोर बसले. तुझं नाव लिहायला तिला इतका वेळ लागला की बाबा दोनदा दारात येऊन गेले. घरक्रमांकातला चार उलटा झाला. तिने खोडून परत काढला, परत उलटा झाला, तिसऱ्यांदा सरळ आला. मग रस्ता, मग शहर. शेवटच्या ओळीला कागद पुरला नाही, अक्षरं कडेवरून खाली उतरली. झाल्यावर तिने तो हात उचलला, बघितला आणि मांडीवर उलटा ठेवला. मला म्हणाली, "चिकटव. नीट चिकटव."

कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलीने खोका फिरवून फिरवून बघितला. म्हणाली, हा पत्ता चालणार नाही, मशीन वाचत नाही, माणूसही वाचणार नाही. कुणा लहान मुलाने लिहिलाय का? मी म्हटलं, हो, नुकतीच शिकतेय. तिने मला नवा कागद दिला आणि म्हणाली, हा जुन्यावर लावा.

मी नवा पत्ता माझ्या अक्षरात लिहिला आणि खालच्या बाजूला लावला. जुना तसाच ठेवला. ती म्हणाली, दोन पत्ते असले की गोंधळ होतो. मी म्हटलं, दोन्ही एकाच माणसाचे आहेत.

तपासनीस